ओठांना गाळणी नसते

ज्या सोमवारी हेड ऑफिसकडून मला 'वर्षातील सर्वात सौजन्यशील व्यवस्थापक' अशी काचेची पाटी आली, त्याच सोमवारी दस्तगीरमामांनी नोकरी सोडत असल्याचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. पाटी मी खिडकीत उभी केली आणि अर्जावर सही केली. कारण लिहिलं होतं, 'तब्येत'. साठीच्या माणसाची तब्येत कुरकुरायचीच, असा विचार करून मी पुढच्या फायलीकडे वळले. दोन्ही कामांना मिळून एक मिनिट लागलं असेल. त्या मिनिटाची आता इतकी लाज वाटते, की हे लिहायला बसण्याआधी मी ती पाटी कपाटात पालथी घालून आले.

मी जयमाला मगदूम. इचलकरंजीतल्या एका कारखान्याची विणकाम शेड माझ्या हाताखाली आहे. अठ्ठेचाळीस माग, सगळे एअरजेट, म्हणजे आडवा धागा हवेच्या झोताने फेकणारे. धोट्याचे माग गेले तशी त्यांची खटखट गेली, पण तिच्या जागी जो घोंघाट आला तो काही कमी नाही. शेडमध्ये हातभर अंतरावरचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. दस्तगीर शिकलगार आमचे जॉबर, म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारे. त्यांच्या तोडीचा जॉबर अख्ख्या गावात नव्हता. पस्तीस वर्षं मागांमध्ये उभं राहून त्यांचे कान जवळजवळ गेले होते. मागाचं दुखणं ते पत्र्यावर तळहात ठेवून ओळखायचे आणि माणसाचं बोलणं ओठांवरून.

ओठ वाचायची ही विद्या जुन्या कामगारांना थोडीफार सगळ्यांनाच यायची. चौदा वर्षांपूर्वी मी ट्रेनी म्हणून आले, तेव्हा डिप्लोमा माझ्याकडे होता आणि अक्कल मामांकडे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर उभं केलं आणि स्वतःच्या ओठांवर दोन बोटं टेकवली.

जेवणाच्या सुट्टीत मग त्यांनी शब्दांत समजावलं. "हितं बगायचं. समोरचा बोलाय लागला की त्याचं संपेपर्यंत नजर काढायची न्हाई. त्यो बोलत असताना आपण खाली बगणं म्हंजे त्याच्या तोंडावर दार लावणं."

सहा महिन्यांत मी तयार झाले. बारा मागांपलीकडून मामा काय म्हणतात ते मला कळायचं. मालक आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये उभे असायचे आणि आम्ही त्यांच्या नव्या टोपाबद्दल बोलायचो. मालकांना वाटायचं, दोघं किती मन लावून कामाकडे बघताहेत.

मग दोन हजार अडतीस साली आमच्याकडे सुवाक नावाचं यंत्र आलं.

तोवर पोरं शेडमध्ये टिकेनाशी झाली होती. वरचा माणूस नीट बोलत नाही, ही बहुतेकांची तक्रार. त्यावर हे औषध निघालं. प्रत्येकाच्या कानावर हेडसेट, कमरेला चपटी डबी. कामगारांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं बारसं केलं, 'गाळणी'.

नाव अगदी बरोबर होतं. माणसाच्या बोलण्यात काय म्हटलं आणि कसं म्हटलं हे दोन धागे एकात एक विणलेले असतात. गाळणी ते उसवते. 'सहा नंबरची फणी बघा' एवढा मतलब ठेवून घेते. शिवी, टोमणा, चढलेला सूर, तोडून टाकलेला शब्द हे सगळं बाजूला काढते. मग तोच मतलब सभ्य शब्दांत, आणि खुद्द बोलणाऱ्याच्या आवाजात, पुन्हा विणून ऐकणाऱ्याच्या कानात सोडते. आवाजाचा नमुना घ्यायला पहिल्या दिवशी प्रत्येकाला दहा मिनिटं मोठ्याने वाचायला लावलं होतं. या सगळ्याला अर्धा सेकंदही लागत नाही. शांत ऑफिसात हे जमलं नसतं, कारण तिथे खरा आवाजही ऐकू आला असता. आमच्या शेडमध्ये खऱ्या आवाजाला कानापर्यंत वाटच नव्हती, म्हणून पहिला प्रयोग आमच्यावर झाला.

बोलणाऱ्याला आपलं सुधारलेलं बोलणं ऐकू येत नाही. त्याच्या मनगटावरच्या पट्टीत फक्त एक हिरवा दिवा लागतो. दिवा लागला, म्हणजे काहीतरी गाळलं गेलं.

मामा पहिले काही दिवस फार खूश होते. हेडसेट आवाज मोठा करून द्यायचा, त्यामुळे कित्येक वर्षांनी त्यांच्या कानात माणसाचा शब्द स्पष्ट येत होता. "ताई, तुमचा आवाज असा हाय व्हय? मला वाटलं जाडाभरडा असंल," असं म्हणून हसले होते.

पहिल्या महिन्यात दिवा लागला की मी चपापायचे. आपण काय बोललो ते आठवून पाहायचे. दुसऱ्या महिन्यात दिवा लागला की निर्धास्त व्हायचे, चला, गाळलं गेलं. त्यानंतर मी दिव्याकडे बघणंच सोडलं. एक्स्पोर्टची ऑर्डर, वरून लागलेला तगादा, रोज दोन-चार जण गैरहजर. हे सगळं आत साठायचं आणि तोंड उघडलं की बाहेर पडायचं. कुणाला लागत नव्हतं, कुणी दुखावत नव्हतं, कामं चटाचट होत होती. इतकं मोकळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. घरी नवऱ्याने दोनदा सांगितलं, "जयू, इथं गाळणी नाही बरं का." मी त्याच्यावरच खेकसले.

मामांशी बोलताना आधी माझं 'जरा' गेलं. मग 'मामा' गेलं. मग 'तुम्ही' गेलं.

आता एक प्रसंग लिहायलाच हवा, तो टाळून हे लिहिण्यात काही अर्थ नाही. गेल्या श्रावणात मामांच्या घरचं माणूस गेलं. रशीदाचाची तीन दिवसांच्या तापात गेल्या. मामा दहा दिवसांनी कामावर आले, आणि पुढच्याच आठवड्यात एका सकाळी वीस मिनिटं उशिरा आले. सहा नंबरचा माग अडला होता, त्याच्या कापडात उभी पट्टी पडत होती आणि गिऱ्हाईकाचा माणूस त्याच दुपारी माल बघायला येणार होता. मी चार मागांपलीकडे उभी होते. मी म्हणाले, "आलास का म्हाताऱ्या? बायको मेली म्हणून माग थांबायचे का? तुझे पाय थडग्यात गेले तरी तुझ्याने इथली जागा सोडवणार नाही."

मनगटावर दिवा लागला. कानात काय गेलं असेल ते मी नंतर पाहिलं. 'मामा, सावकाश या. आल्यावर एकदा सहा नंबर बघाल का?'

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "चुकलं, ताई." माझ्या कानात ते स्वच्छ आलं. मग ते सहा नंबरपाशी गेले, आणि अर्ध्या तासात माग सुरू झाला.

सावकाश या म्हटल्यावर माणूस 'चुकलं' कशाला म्हणेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मामांच्या अर्जावर सही केली त्याच आठवड्यात यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर वार्षिक तपासणीला पुण्याहून आला. नाडगौडा नावाचा, हसतमुख, नाकावर चष्मा घसरणारा. त्याने माझ्या टेबलावर पडदा उघडला. डाव्या रकान्यात बोललेलं, उजव्या रकान्यात पोचलेलं. माझ्या नावापुढच्या डाव्या रकान्यावरून त्याने घाईने बोट पुढे नेलं, पण मला चार-दोन ओळी दिसल्याच. माझे कान तापले.

"हे कोणी वाचत नाही, मॅडम," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "मोजमापापुरतं असतं. पुढच्या महिन्यात आपोआप पुसलं जाईल. आणि खरं सांगू का, तुमची शेड आमचं सगळ्यात यशस्वी उदाहरण आहे. वर्षभरात वागणुकीची एकही तक्रार नाही."

मी सुटकेचा श्वास टाकला. होय, टाकला. पुसलं जाणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"एकच हेडसेट बदलावा लागेल," तो पुढे म्हणाला. "सतरा नंबर. त्याचा सेन्सर चुकीचं दाखवतोय. ऐकण्याचा आवाज गेले अकरा महिने शून्यावर आहे म्हणतो."

"बंद करून ठेवला असेल."

"तसं कसं होईल? हे बघा." त्याने दुसरा तक्ता उघडला. "तुम्ही काही सांगितलं की मिनिटाभरात सतरा नंबर बरोबर त्याच मागावर जातो. अकरा महिन्यांत एकही सूचना चुकलेली नाही. कानात काही जातच नसतं, तर हे शक्य आहे का?"

सतरा नंबर मामांचा होता.

नाडगौडा पुढे बॅटरीबद्दल काहीतरी सांगत होता. त्याला ती गोष्ट ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती मला ठाऊक होती. मला ती मामांनी स्वतःच्या ओठांवर बोटं टेकवून शिकवली होती, आणि अख्खं वर्ष मी त्यांच्यासमोर तोंड उघडून उभी राहिले होते.

दुपारच्या सुट्टीत मी कँटीनमागच्या कट्ट्यावर गेले. मामा एकटेच बशीतून चहा पीत बसले होते. मला पाहून सरकले आणि जागा करून दिली. मी त्यांच्या शेजारी न बसता समोर बसले, त्यांना ओठ दिसावेत म्हणून. ही रीत कुठे आत शिल्लक होती म्हणायची.

"मामा, तुमच्या हेडसेटचा आवाज बंद आहे."

"व्हय."

"अकरा महिने?"

"असंल. म्या काय मोजलं न्हाई."

"का पण? तुम्हाला त्यातून किती छान ऐकू यायचं."

मामांनी बशी खाली ठेवली. "यायचं की. पर कानात एक यायचं आन तुमच्या ओठावर दुसरंच असायचं. डोस्कं गरगराय लागायचं बगा. दोन्हीतलं एक बंद करणं भाग हुतं."

"मग गोड होतं ते ठेवायचं."

"ते तुमचं न्हवतं की ताई. यंत्राचं हुतं."

जे विचारायला आले होते ते शेवटी तोंडातून बाहेर पडलं. "मग तुम्ही खाली बघायचं होतं मामा. मी बोलत असताना दुसरीकडे बघायचं."

मामांना खरोखर नवल वाटलं. "तुमी बोलत असताना?" ते म्हणाले. "आसं कसं बगू?"

माझ्या तोंडचा एकेक शब्द त्यांच्यापर्यंत पोचला, तो ते माझा मान राखत होते म्हणून. नजर काढून घेतली असती, तर सुटले असते.

या जागी माणसाने काय म्हणायला हवं ते शाळेतल्या मुलालाही कळेल. मी काय म्हणाले ते ऐका. "माझ्या मनात तसं काही नव्हतं हो मामा. केवढा ताण असतो तुम्हाला माहीत आहे. वरून तगादा, खाली माणसं नाहीत. तोंडाला येईल ते बोलत होते, तुम्हालाच असं काही नाही." माफीचा शब्द जिभेवर आलाच नाही. वर्षभर तो मी एकदाही स्वतः उच्चारला नव्हता. जिथे लागेल तिथे गाळणीच परस्पर घालायची.

"ताण तर आसतोच," मामा म्हणाले. कप-बशी नळाखाली विसळली, पुसून जागेवर ठेवली.

"अर्ज मागे घ्या मामा. मी फाडून टाकते."

"ऱ्हाऊ द्या. तब्येत लिवलंय न्हवं त्यात," ते म्हणाले आणि पाळीवर गेले. तब्येतीचं त्यांनी खोटं लिहिलं होतं, आणि तेही माझ्यासाठीच. खरं कारण लिहिलं असतं तर माझ्या पाटीचं काय झालं असतं हे त्यांनी ओळखलं होतं.

तीस तारखेला मामांचा शेवटचा दिवस होता. सकाळी शाल, नारळ आणि फोटो झाले. मी चार शब्द बोलले, तेही कागदावर लिहून आणलेले, त्यात 'अमूल्य योगदान' असं काहीतरी होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी प्रत्येकाला हात जोडले, मलाही. दिवसभर ते एकेका मागापाशी जाऊन तेलपाणी बघत होते, त्यांच्या हाताखाली नव्याने आलेल्या जॉबरला खाणाखुणा सांगत होते.

पाळी संपायला दहा मिनिटं राहिली तेव्हा मी हेडसेट काढून टेबलावर ठेवला आणि शेडमध्ये गेले. बिनहेडसेटचा तो घोंघाट मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मामा सहा नंबरपाशी होते. मी चार मागांपलीकडे उभी राहिले. श्रावणातल्या त्या सकाळी जिथे उभी होते, तिथेच. छतावरच्या दिव्याचा उजेड तोंडावर येईल अशी वळले. त्यांनी मान वर केली.

मी आवाज न काढता, फक्त ओठांनी बोलले. "मामा, मी तुम्हाला 'तू' म्हणाले. चाचींबद्दल बोलले. थडग्याचं बोलले. ते सगळं माझंच होतं, ताणाचं नव्हतं. तुमच्यासारख्या माणसाशी मी असं बोलले. मला माफ करा."

मामांनी नजर हलवली नाही. शेवटच्या शब्दापर्यंत ते बघत राहिले. मग त्यांनीही, पूर्वी बोलायचे तसे, ओठांनी काहीतरी उत्तर दिलं. पाच-सहा शब्द असतील.

मला एकही कळला नाही.

बारा मागांपलीकडचं वाचणारी मी, चार मागांवरचं मला दिसेना. कानात आयतं पडायची सवय लागली होती. कुणाच्या तोंडाकडे शेवटपर्यंत बघून मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं. मी हाताने खूण केली, कळलं नाही. मामांनी ते पुन्हा म्हटलं, सावकाश, मी ट्रेनी असताना म्हणायचे तसं. मी डोळे ताणून बघितलं. ओठ हलले आणि शेवटी मिटले, एवढंच दिसलं. तेवढ्यात भोंगा झाला. दुसऱ्या पाळीची माणसं डबे हलवत मधल्या वाटेने आत आली. ती पुढे गेली तेव्हा मामा दाराशी पोचले होते आणि आपला हेडसेट दोन्ही हातांनी स्टोअरकीपरच्या हातात देत होते.

दुसऱ्याच दिवशी मी नाडगौडाला सांगून माझ्या माइकवरची गाळणी काढायला लावली. जे बोलेन ते जसंच्या तसं जाईल. त्याने मला दोनदा विचारलं, नक्की ना? पहिला आठवडा मी इतकी कमी बोलले की पोरं विचारायला लागली, ताईंना बरं नाही का. एक वाक्य बाहेर काढायच्या आधी तीनदा गिळावं लागायचं. आता जरा जमतं. परवा एकाला 'जरा बघता का' म्हटलं, तर त्याने चमकून मागे बघितलं. आवाजात काहीतरी वेगळं लागलं असावं. हेड ऑफिसला मी सगळं लिहून कळवलं आणि पाटी परत न्या म्हटलं. उत्तर आलं, पाटी परत घ्यायची पद्धत नाही.

मामांचं घर इथून दहा मिनिटांवर आहे. जाऊन विचारता येईल, त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात. नवराही म्हणतो, जा आणि विचार. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. मामा मला आत बोलावतील, बसायला खुर्ची देतील, चहा टाकतील. आणि मला बरं वाटेल असंच काहीतरी सांगतील. ते खरं होतं का, हे मला मग कधीच कळणार नाही. खरं ते त्या दिवशीच म्हणाले, आणि तेव्हा मला वाचता आलं नाही.

म्हणून रोज सकाळी कामावर निघण्याआधी मी आरशासमोर उभी राहते आणि आवाज न काढता एकेक वाक्य म्हणून बघते. 'जाऊ द्या, ताई.' 'माफ केलं.' 'माझ्या मनात काही न्हाई.' त्यांचे ओठ मला आठवतात तसे माझे ओठ अजून एकदाही हललेले नाहीत. सगळी चांगली वाक्यं आता म्हणून झाली आहेत. उरलेली म्हणायचा मला धीर होत नाही.